दिवसाला बारा गोळ्या

प्रश्न : आमचे बाबा, म्हणजे माझे सासरे, ६८ वर्षांचे आहेत. नऊ वर्षांपासून डायबिटीस आहे. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे. दोन महिन्यांपूर्वी बीपीची गोळी बदलून रॅमिप्रिल दिली. दीड महिन्यापासून कोरडा खोकला आहे, रात्री जास्त. छिंदवाड्यात खोकल्याच्या सिरपने मुलं दगावली त्यानंतर सिरप घरात आणायचंच नाही असं त्यांनी ठरवलंय, म्हणून दिवसभर खोकल्याच्या गोळ्या चघळतात. सदरा धुवायला काढला की खिशातून आठ-दहा कागद निघतात. रविवारच्या पोह्यांबरोबरची जिलेबी त्यांनी सोडली, चहा बिनसाखरेचा घेतात, तरी एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ७.१ वरून ७.९ झालं. गोळ्यांचं म्हटलं तर म्हणतात, 'अगं, औषध आहे ते, मिठाई थोडीच आहे!' या गोळ्यांत खरंच इतकी साखर असते का? शुगर-फ्री आणल्या तर चालतील? आमचा तीन वर्षांचा मुलगाही आजोबांकडून एखादी मागून घेतो.
— एक सूनबाई, रामबाग, इंदूर

ताई, बाबांना सांगा की औषध आहे हे खरं, पण ते मिठाईत घातलेलं आहे. आणि गोळीत मिठाईचा भाग ९५ टक्क्यांहून जास्त आहे.

ही गोळी बनते कशी ते पाहिलं की वाद मिटतो. साखर आणि लिक्विड ग्लुकोज पाण्यात विरघळवून एकशेचाळीस-पन्नास अंशांपर्यंत उकळतात. पाणी उडून जातं, जेमतेम दोन-तीन टक्के उरतं. त्या काचेसारख्या घट्ट पाकात शेवटी मेंथॉल, निलगिरीचं तेल, रंग आणि स्वाद घालतात, साच्यात ओततात किंवा ठसे मारतात. लहानपणची संत्रा गोळी अशीच बनते. फरक इतकाच की खोकल्याच्या गोळीत काही मिलिग्रॅम मेंथॉल जास्त. एका ग्रॅमचे हजार मिलिग्रॅम होतात हे लक्षात घेतलं तर 'औषधा'चा वाटा किती, ते कळेल.

आता वजन. साधी गोळी अडीच ते तीन ग्रॅमची असते, मोठी चपटी असेल तर साडेतीन-चार. एकेक मोजू नका, घरगुती काटा इतक्या हलक्या वस्तूला चुकतो. कागद काढून दहा गोळ्या एकदम वाटीत ठेवा आणि आलेल्या आकड्याला दहाने भागा. जो आकडा येईल जवळजवळ तेवढेच ग्रॅम कार्बोहायड्रेट, म्हणजे रक्तात जाऊन साखर होणारा पदार्थ, एका गोळीत आहेत असं धरायचं.

पाकिटावर वाचून का नाही सांगत, असं विचाराल. कारण पाकीट वाचताना दोन ठिकाणी फसगत होते.

पहिली फसगत पोषणतक्त्यातली. काही गोळ्यांवर 'एकूण साखर ६५ ग्रॅम' आणि त्याच्याच वर 'कार्बोहायड्रेट ९७ ग्रॅम' असं छापलेलं दिसतं (दोन्ही शंभर ग्रॅममागे). लोक साखरेची ओळ वाचतात आणि म्हणतात, चला, तीस-पस्तीस टक्के तरी साखर नाही! ते उरलेले बत्तीस ग्रॅम म्हणजे लिक्विड ग्लुकोजमधल्या लांब साखळ्या. मक्याच्या स्टार्चपासून लिक्विड ग्लुकोज करताना स्टार्च पूर्ण तुटत नाही. थोडं ग्लुकोज होतं, थोडं माल्टोज, आणि बाकी अर्धवट तुटलेल्या साखळ्या. नियमाच्या भाषेत त्या साखळ्यांना 'साखर' म्हणत नाहीत, म्हणून त्या ओळीत येत नाहीत. पोटात गेल्यावर मात्र त्यांचं ग्लुकोजच होतं, आणि तेही झपाट्याने. कारखानदार त्या घालतात ते गोळी पांढरी, रवाळ पडू नये म्हणून, त्यात लबाडी काही नाही. पण डायबिटीसवाल्याने वाचायची ओळ कार्बोहायड्रेटची.

दुसरी फसगत अशी की पुष्कळशा खोकल्याच्या गोळ्या आपल्याकडे आयुर्वेदिक औषध म्हणून परवाना घेऊन विकल्या जातात. औषधाला खाद्यपदार्थासारखा पोषणतक्ता लागत नाही. तिथे बारीक अक्षरात पुदिन्याचं सत्त्व इतके मिलिग्रॅम, निलगिरी तेल इतके मिलिग्रॅम असं लिहून शेवटी 'शुगर बेस : क्यू. एस.' असं असतं. क्यू. एस. म्हणजे 'लागेल तेवढं'. वर मोजून दिलेलं सगळं मिळून गोळीचा चिमूटभर भाग, आणि जे 'लागेल तेवढं' तीच सगळी गोळी. बाबांना भिंग देऊन ही ओळ त्यांच्याच डोळ्यांनी वाचू द्या. सुनेने सांगण्यापेक्षा ते जास्त पटतं.

तर बाबांचा हिशेब. खिशात आठ-दहा कागद सापडतात म्हणजे बाहेर टाकलेले धरून बारा तरी होत असणार. खात्री हवी असेल तर रिकामी बरणी त्यांच्या खुर्चीशेजारी ठेवा आणि तीन दिवस प्रत्येक कागद त्यात टाकायला सांगा. बारा गोळ्या गुणिले २.७ ग्रॅम म्हणजे साधारण ३२ ग्रॅम. त्यातलं पाणी वगैरे वजा जाता ३१ ग्रॅम कार्बोहायड्रेट. म्हणजे सहा छोटे चमचे साखर, किंवा दोन मध्यम फुलके, उष्मांक सव्वाशेच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ची मार्गदर्शक सूचना अशी आहे की वरून घातलेली साखर, मध आणि फळांचे रस मिळून येणारी साखर रोजच्या उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत असावी, जमल्यास पाच टक्क्यांच्या. दोन हजार उष्मांकांच्या आहारात पाच टक्के म्हणजे २५ ग्रॅम. चहातली साखर सोडून, जिलेबी सोडून, बाबा नुसत्या गोळ्यांवर त्या रेषेच्या आसपास किंवा पलीकडे आहेत.

पण एचबीएवनसीचं सगळं खापर गोळ्यांवर फोडू नका. ७.१ म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साधारण १५७, आणि ७.९ म्हणजे १८०. हा तेवीसचा फरक आहे. रोजचे जादा ३१ ग्रॅम यात नक्कीच हातभार लावतात, पण खोकल्याने मोडलेली झोप आणि बंद पडलेलं सकाळचं फिरणं याही गोष्टी साखर वर ढकलतात. खोकल्यामागे संसर्ग असेल तर तोही. शिवाय या तपासणीच्या तीन महिन्यांपैकी गोळ्या दीडच महिना चालू होत्या. म्हणूनच पुढची गोष्ट महत्त्वाची : हा रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जाल तेव्हा गोळ्यांचं आधी सांगा. ते कळलं नाही तर डॉक्टर ७.९ पाहून ग्लिमेपिराइड वाढवतील, मग खोकला बरा होईल, गोळ्या सुटतील, आणि वाढवलेल्या डोसवर बाबांची साखर एखाद्या दुपारी भलतीच खाली जाईल. ग्लिमेपिराइडमध्ये ही शक्यता असतेच.

त्यांच्या शरीरावर गोळीचा परिणाम किती, हे घरच्या ग्लुकोमीटरवर पाहता येतं. जेवणानंतर तीन तास झाले की एक रीडिंग घ्या, मग नेहमीसारख्या तीन गोळ्या अर्ध्या तासात चघळू द्या, आणि सुरुवातीपासून तासाभराने पुन्हा रीडिंग. मधे दुसरं काही खायचं नाही. इथे एक चूक हटकून होते : गोळी ज्या बोटांनी सोलली त्याच बोटाला टोचतात. कागदाची चिकट साखर बोटावर राहते, ती थेंबात मिसळते आणि मीटर भलताच आकडा दाखवतं. साबणाने हात धुऊन, पूर्ण कोरडे करून मगच टोचा. नुसत्या सॅनिटायझरने ती साखर निघत नाही. आणि फास्टिंगचा नमुना द्यायच्या दिवशी पहाटेची गोळी बंद. पहाटे चारला खोकला आला म्हणून एक चघळली आणि सातला लॅबमध्ये गेले, तर ते फास्टिंग राहिलंच नाही. लॅबवाला 'काही खाल्लंय का?' विचारतो, तेव्हा गोळी कुणाच्या लक्षातही येत नाही.

रक्तातल्या साखरेइतकीच, कदाचित जास्तच, काळजी दातांची करायला हवी. तोंडातले जंतू साखर खाऊन आम्ल तयार करतात. तोंडाचा पीएच (आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साडेपाचच्या खाली गेला की दाताचं एनॅमल विरघळू लागतं. लाळेला ते आम्ल आटोक्यात आणायला वीस मिनिटं ते तासभर लागतो. बाबांचा हिशेब कमीत कमी धरा, एका गोळीमागे अर्धा तास : बारा गोळ्यांचे सहा तास. दिवसाचे सहा तास दात आम्लात. तेवढीच साखर त्यांनी एका बैठकीत पाच मिनिटांत खाल्ली असती तर दातांवर हल्ला एकदाच झाला असता. म्हणजे निव्वळ दातांच्या बाजूने पाहिलं तर रविवारची जिलेबी बरी होती! (हे बाबांना वाचून दाखवायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.) लिंबाच्या स्वादाच्या गोळीत सायट्रिक आम्लही असतं, म्हणजे दुहेरी मार. साठीनंतर हिरड्या मागे सरून दाताचं मूळ उघडं पडतं, तिथे एनॅमलच नसतं, आणि साखर वाढलेली असली की तोंड कोरडं राहून लाळही कमी होते. रात्री तर ती आणखी आटते. म्हणून सगळ्यात वाईट सवय कुठली, तर गालात गोळी ठेवून झोपणं. दात जातातच, शिवाय झोपेत गोळी श्वासनलिकेत सरकायचा धोका. गोळी संपली की दोन घोट पाणी खळखळून प्यायचं, आणि ब्रश लगेच नाही तर अर्ध्या तासाने, कारण मऊ पडलेल्या एनॅमलवर ब्रश घासला तर तेच झिजतं.

शुगर-फ्री गोळ्या चालतील का? चालतील, आणि आत्ताच्या गोळ्यांपेक्षा त्या नक्की बऱ्या. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे शंभर ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमहून जास्त साखर असेल तर 'शुगर-फ्री' लिहिता येत नाही. 'नो ॲडेड शुगर' हा निराळा दावा आहे, त्याला भुलू नका. शुगर-फ्रीमध्ये साखरेच्या जागी आयसोमाल्ट, सॉर्बिटॉल, माल्टिटॉल असे पदार्थ असतात. त्यांचे उष्मांक साखरेच्या निम्म्याच्या आसपास, दातांचे जंतू त्यांचं फारसं आम्ल करत नाहीत, आणि रक्तातली साखर ते थोडीच चढवतात. यांत माल्टिटॉल इतरांपेक्षा जास्त चढवतं, म्हणून निवड असेल तर आयसोमाल्टची घ्या. अडचण पोटाची. हे पदार्थ आतड्यात पूर्ण शोषले जात नाहीत. मोठ्या आतड्यात जाऊन गॅस करतात आणि पाणी ओढून घेतात. पाकिटावर बारीक अक्षरात जुलाबाचा इशारा असतो तो यामुळेच. मेटफॉर्मिनने ज्यांचं पोट आधीच नाजूक असतं त्यांना हे लवकर जाणवतं. दिवसाला चार-पाचवर थांबायला सांगा. बारा शुगर-फ्री चघळून पोट बिघडलं की दोष मेटफॉर्मिनला जाईल आणि बाबा तीच गोळी बंद करतील.

आणि ज्या गोळ्यांवर डेक्स्ट्रोमेथॉर्फन किंवा ॲमिलमेटाक्रेसॉल अशी नावं असतात त्या खऱ्याखुऱ्या औषधी गोळ्या. त्यांना दिवसाची मर्यादा असते, ती पाकिटावर दिलेली असते, आणि त्या सुपारीसारख्या तोंडात टाकायच्या नसतात. डेक्स्ट्रोमेथॉर्फन तर नैराश्यावरच्या काही औषधांबरोबर धोक्याचं ठरतं. मेडिकलवाल्याला चालू औषधांची यादी दाखवूनच घ्या.

घरगुती उपायांत साखर कशी शिरते तेही पाहा, नाहीतर गोळ्या सुटतील आणि दुसऱ्या दाराने तीच साखर येईल. खडीसाखर 'थंड' म्हणून चघळतात, ती शंभर टक्के साखरच. सितोपलादि चूर्णाचं नावच सांगतं : सितोपला म्हणजे खडीसाखर. त्याच्या मूळ पाठात सोळा भाग खडीसाखर, आठ भाग वंशलोचन, चार पिंपळी, दोन वेलची, एक दालचिनी. एकतीस भागांतले सोळा साखरेचे. तीन ग्रॅम चूर्णात दीड ग्रॅम साखर, आणि ते एक चमचा मधात कालवलं की आणखी साडेपाच ग्रॅम. दिवसातून एकदा घेतलं तर काही बिघडत नाही, फक्त ते हिशेबात धरा. बाबांसाठी जास्त जपायचं ते ज्येष्ठमधाला. साखर नाही म्हणून दिवसभर काडी चघळत राहिले तर त्यातल्या ग्लिसिरायझिनने बीपी चढतं आणि पोटॅशियम उतरतं. बीपीवाल्याने तो नाद नको.

मग घसा खवखवला की करायचं काय? गोळीने आराम पडतो त्यातला मोठा वाटा नुसत्या चघळण्याचा असतो. लाळ सुटते, वारंवार गिळलं जातं, घसा ओला राहतो. मेंथॉल थंडाव्याची जाणीव देणाऱ्या नसांना चेतवतं, म्हणून नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात ते होतं तेवढंच असतं. तेव्हा चघळायला काहीही चालेल. एक वेलची सोलून दाणे तोंडात धरा, किंवा एक लवंग दाढेशी, चावायची नाही. दिवसातून दोन-तीन लवंगा पुरेत, जास्त झाल्या तर तोंडाची आतली कातडी जळते. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून तीन-चार वेळा गुळण्या, पाणी गिळायचं नाही. जवळ पाण्याची बाटली आणि खोकल्याची उबळ येतेय असं वाटताच दोन घोट. याने रात्रीच्या पहिल्या दोन-चार गोळ्या तरी वाचतात.

हे सगळं लिहिलं खरं, पण तुमच्या पत्रातलं आमचं लक्ष पहिल्यांदा गेलं ते रॅमिप्रिलकडे. बीपीची गोळी बदलली दोन महिन्यांपूर्वी, खोकला सुरू झाला दीड महिन्यापूर्वी. कोरडा, घशात गुदगुल्या झाल्यासारखा, रात्री जास्त. 'प्रिल'ने संपणाऱ्या गोळ्या, म्हणजे रॅमिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, पेरिंडोप्रिल, काही लोकांना नेमका असाच खोकला लावतात. या औषधाने ब्रॅडिकायनिन नावाचं द्रव्य फुप्फुसांत साठतं आणि ते खोकल्याच्या नसांना डिवचत राहतं. त्यावर सिरप, गोळ्या, काढे, कशाचाच टिकाऊ उपयोग होत नाही. खोकला जातो तो औषध बदलल्यावर, बहुतेकदा एक ते चार आठवड्यांत, क्वचित तीन महिनेही लागतात. बदलून साधारणपणे 'सार्टन' गटातली गोळी देतात : टेल्मिसार्टन, लोसार्टन. पण हे डॉक्टरांनी ठरवायचं. बाबांनी आपल्या मनाने रॅमिप्रिल सोडायची नाही, आणि घरात जुन्या पाकिटात टेल्मिसार्टन सापडली म्हणून रॅमिप्रिलच्या जोडीला सुरू तर मुळीच करायची नाही. डायबिटीसमध्ये ही औषधं मूत्रपिंडासाठीही दिलेली असतात. तेव्हा या आठवड्यात डॉक्टरांकडे जा, रॅमिप्रिल कोणत्या तारखेला सुरू केली आणि खोकला कोणत्या तारखेला, हे कागदावर लिहून न्या. त्या दोन तारखा शेजारी ठेवल्या की डॉक्टरांचं अर्धं काम होतं.

रॅमिप्रिलवर संशय असला तरी एक तपासणी टाळू नका. दोन आठवड्यांहून जास्त खोकला म्हणजे टीबीची तपासणी, असा आपल्याकडचा सरळ नियम आहे, आणि डायबिटीस असलेल्यांना टीबीचा धोका इतरांच्या दोन-तीन पट असतो. बाबांना सहा आठवडे झाले. सरकारी दवाखान्यात ही तपासणी फुकट होते, एमवाय म्हणजे महाराजा यशवंतराव रुग्णालयात जा नाहीतर घराजवळच्या आरोग्य केंद्रात. कोरड्या खोकल्यात थुंकी मिळाली नाही तर छातीचा एक्स-रे काढतात. रक्त पडणं, संध्याकाळचा ताप, वजन उतरणं, धाप लागणं, यातलं काही असेल तर आठवडाही थांबायचं नाही.

सिरपबद्दल : २०२५ साली छिंदवाड्यात मुलं दगावली ती सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक विष मिसळलेलं होतं म्हणून. बाबांची भीती समजण्यासारखी आहे. त्यांना सिरपची गरजही दिसत नाही. पण साखरेच्या पाकावरचं सिरप टाळून त्याच पाकाच्या गोळ्या बारा खाल्ल्या, तर साखरेपुरतं काहीच टळलं नाही. तशा सिरपच्या एका चमच्यात दोन ते चार ग्रॅम साखर असते, म्हणजे जवळपास एक गोळी.

मुलाला ही गोळी द्यायची नाही, अर्धी करूनही नाही. तीन वर्षांच्या मुलाच्या श्वासनलिकेत गुळगुळीत कडक गोळी घट्ट बसते, आणि हसता-पळताना ती केव्हा मागे सरकेल याचा नेम नसतो. त्याला खोकला असेल तर झोपताना अर्धा चमचा मध द्या (एक वर्षाखालच्या बाळाला मात्र मध कधीच नाही). गोळ्यांचं पाकीट आजोबांच्या खिशात नको, वरच्या फडताळात.

राहिला तो रिकामा झालेला खिसा. ग्लिमेपिराइड घेणाऱ्या माणसाच्या खिशात साखर असायलाच हवी, फक्त ती खोकल्याच्या गोळीच्या रूपात नको. हात थरथरले, दरदरून घाम फुटला, डोकं चालेनासं झालं, तर १५ ग्रॅम साखर लगेच पोटात जावी लागते. कडक गोळी विरघळायला दहा मिनिटं, आणि तशा पाच-सहा लागतील. शुगर-फ्री गोळीचा तर त्या वेळी काहीच उपयोग नाही. प्लॅस्टिकच्या छोट्या पुडीत तीन चमचे ग्लुकोज पावडर बांधून सदऱ्याच्या खिशात ठेवा. पाण्यात ढवळून प्यायचं, पंधरा मिनिटांनी साखर मोजायची, सत्तरच्या खालीच असेल तर पुन्हा तेवढंच. पुडीवर मोठ्या अक्षरात 'साखर उतरली तर' असं लिहा, म्हणजे बाबा खोकला आला म्हणून ती उघडणार नाहीत.